ग्रीन कार्डच्या लाइनमधून उठून कॅनडाला जावं की ऑस्ट्रेलियाला?

प्रश्न: ताई, आम्हाला अमेरिकेत दहा वर्षं झाली. नवरा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहे, आयटीत, चौदा वर्षांचा अनुभव, वय ३८. मी ३५ ची, एच-फोर ईएडी वर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसामुळे मिळालेल्या कामाच्या परवान्यावर, गेली चार वर्षं नोकरी करतेय. मुलगी १३ ची, ती भारतात जन्मलेली, आणि मुलगा ६ चा, तो इथलाच. आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डसाठी कंपनीनं भरलेलं पिटिशन, अप्रूव्ह होऊन बसलंय, प्रायॉरिटी डेट, म्हणजे लाइनमधली आमची तारीख, २०१९ ची. घर २०२१ मध्ये घेतलंय, आई-वडील भारतात असतात, आणि मला संध्याकाळी एक-दीड तास काय तो मोकळा मिळतो. नवऱ्याला वाटतं कॅनडाला जाऊ, त्याचा मित्र म्हणतो ऑस्ट्रेलिया, आणि मला खरं सांगू तर पुन्हा सगळं पहिल्यापासून करायचा कंटाळा आलाय. काय करावं?

उत्तर: अगं, कंटाळा आलाय हे तू सरळ लिहिलंस ते बरं केलंस, बहुतेक जण ते लपवतात आणि मग "मुलांच्या शाळेचं काय" वगैरे म्हणत राहतात. पण तुमच्या घरात जो वाद चाललाय ना, कॅनडा की ऑस्ट्रेलिया, तो मला जरा बाजूला ठेवावासा वाटतो. दोन्ही देश चांगले, दोन्हीकडे आपली माणसं आहेत, दोन्हीकडे घरं महाग. आधी हे बघा की घरातल्या कोणाची मुदत कधी संपतेय. आणि दुसरं म्हणजे अर्ज करणं वेगळं आणि जाणं वेगळं. पीआर, म्हणजे तिथे कायम राहायची परवानगी, हातात आली म्हणून दुसऱ्या दिवशी बॅगा भरायला लागत नाहीत.

मुलीपासून सुरू करते कारण खरी मुदत तिची आहे. तिची एच-फोर, म्हणजे पालकांच्या व्हिसावर मिळणारी मुलांची व्हिसा, वयाच्या २१ पर्यंत. तोपर्यंत तुमची तारीख लागली नाही तर ती तुमच्यापासून सुटी, मग एफ-वन ही विद्यार्थ्यांची व्हिसा घ्या, मग नोकरी शोधा, मग तिचं स्वतःचं एच-वन-बी लॉटरीत लागतंय का बघा. ईबी-टू या नोकरीवरच्या ग्रीन कार्डच्या कॅटेगरीची भारतासाठीची तारीख २०२५ मध्ये २०१२-१३ च्या आसपासच घुटमळत होती आणि तुमची २०१९ ची. आठ वर्षांत लागेलही, पण त्या भरवशावर मुलीचं प्लॅनिंग करू नका असंच मी सांगेन. वर्षाला नोकरीवरची ग्रीन कार्डं साधारण १,४०,००० आणि एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा, त्यात बायको-मुलंही मोजली जातात, त्यामुळे ही लाइन तुमच्या कष्टानं पुढे सरकत नाही.

आता गंमत बघ, धाकटा अमेरिकन नागरिक आहे. तो २१ चा झाला की तुम्हा दोघांचं ग्रीन कार्ड तो भरू शकतो, आई-वडिलांना त्यात लाइन नसते. म्हणजे तुम्ही कुठेही गेलात तरी पंधरा वर्षांनी तुम्हाला एक दार उघडं आहेच. पण बहिणीसाठी त्यानं भरलं तर ती भावंडांची कॅटेगरी, तिथे पुन्हा खूप मोठी लाइन. एकाच घरातल्या दोन मुलांचं असं होतं.

म्हणून मुलीच्या वयाचा हिशोब मांडा. ऑस्ट्रेलियात नागरिकत्वाला चार वर्षांचं वास्तव्य लागतं, त्यातलं शेवटचं वर्ष पीआर वर. ती चौदाची असताना पोचलात तर अठराव्या वर्षी ती अर्ज करू शकते. याचं महत्त्व काय, तर तिथे पीआर असलेल्या मुलांना युनिव्हर्सिटीत सरकारी सवलतीची सीट मिळते पण फी नंतर पगारातून फेडायचं जे सरकारी लोन आहे ते मुख्यतः नागरिकांनाच. म्हणजे पीआर वरच राहिली तर फी त्या त्या वेळी खिशातून भरायची. हे कोणी आधी सांगत नाही. कॅनडात पाच वर्षांत १,०९५ दिवस राहिलं की तुम्ही नागरिकत्वाला पात्र, आणि अल्पवयीन मुलांना आई-वडिलांबरोबर अर्ज करता येतो, त्यांना ते दिवस मोजावे लागत नाहीत. म्हणजे कॅनडात जरा सैल आहे, ऑस्ट्रेलियात अगदी काठावर. दोन वर्षं अजून "बघू" म्हणत काढलीत तर ऑस्ट्रेलियाचा हा हिशोब बसत नाही.

आता तुमची वयं. ऑस्ट्रेलियात पीआर साठी पॉइंट्स मोजतात, त्यात वय ३३ ते ३९ ला २५ पॉइंट्स, चाळिशी लागली की १५, आणि पंचेचाळिशीनंतर अर्जाचं बोलावणंच नाही. नवरा ३८ म्हणजे त्याच्याकडे फार वेळ नाही. त्याचे २५ वयाचे, १५ डिग्रीचे, परदेशातला आठ वर्षांचा अनुभव मान्य झाला तर १५, इंग्रजीच्या परीक्षेत प्रत्येक भागात ८ आला तर २०, आणि तुझंही स्किल असेसमेंट आणि इंग्रजी झालं तर १०, असे ८५ होतात, तिथल्या एखाद्या राज्याचं नॉमिनेशन, म्हणजे शिफारस, मिळालं तर ५ अजून. कागदावर पात्रता ६५ ची आहे पण आयटीवाल्यांना ६५ वर कोणी बोलवत नाही, त्या आकड्यावर जाऊ नका. आणि आयटीचं असेसमेंट करणारी जी संस्था आहे, एसीएस, ती सुरुवातीची काही वर्षं अनुभवातून कापते, त्यामुळे नवऱ्यानं "मला चौदा वर्षांचा अनुभव" म्हणून खूश होण्याआधी ते करून घ्यावं. इंग्रजीतला रायटिंगचा ८ भल्याभल्यांना रडवतो, दहा वर्षं अमेरिकेत इमेल लिहिल्यात म्हणून तो मिळत नाही, त्याची तयारी वेगळी करावी लागते.

कॅनडात मात्र मुख्य अर्जदार तू हो. खरंच. आपल्याकडे फॉर्म भरायचा म्हटलं की नवऱ्याचं नाव वर हे इतकं डोक्यात बसलंय की कोणी बेरीजच करून बघत नाही. एक्सप्रेस एंट्रीत, म्हणजे कॅनडाच्या पॉइंट्सवरच्या पीआर च्या निवडीत, जोडीदार असलेल्या अर्जदाराला वयाचे पॉइंट्स ३५ व्या वर्षी ७० आणि ३८ व्या वर्षी ५५, पुढे चाळिशीला ४५, पंचेचाळीसला शून्य. आणि परदेशातला अनुभव तिथे तीन वर्षांच्या पुढे मोजतच नाहीत, म्हणजे तुझी चार वर्षं आणि त्याची चौदा वर्षं सारखीच. इंग्रजी तुझं चांगलं असेल तर तूच पुढे जाशील. दोघांनी दोन वेगवेगळी प्रोफाइल्स पण करता येतात, एकात तू मुख्य, एकात तो.

पण खोटी आशा नको म्हणून हेही सांगते. कॅनडानं आकडे कमी केलेत, २०२५ ला नवीन पीआर चं टार्गेट ३,९५,००० वर आणलं, आणि मार्च २०२५ पासून जॉब ऑफरचे जे ५० किंवा २०० पॉइंट्स मिळायचे ते काढून टाकले. कॅनडात आधीच काम केलेल्यांना बोलावण्याच्या ज्या फेऱ्या होतात त्यांचा कटऑफ त्या वर्षी पाचशेच्या वर राहिला. बाहेरून, पस्तिशीत, नुसत्या इंग्रजीवर तिथपर्यंत पोचणं अवघड आहे. दोन वाटा उरतात. एक म्हणजे प्रांताचं नॉमिनेशन, त्याचे ६०० पॉइंट्स. दुसरी फ्रेंच. फ्रेंच येणाऱ्यांच्या वेगळ्या फेऱ्या होतात आणि त्यांचा कटऑफ बराच खाली असतो. तू लिहिलंयस की संध्याकाळी एक-दीड तास मोकळा मिळतो, तर तो तिथे लाव. वर्ष-दीड वर्ष लागेल पण आपली माणसं हे करून गेलेली आहेत. आणि नवऱ्याच्या कंपनीचं कॅनडात ऑफिस असेल तर बदली मागून बघा, तिथलं एक वर्ष काम झालं की चित्रच पालटतं.

आता मागचं दार. सगळ्यांना वाटतं की अमेरिका सोडली की लाइनमधली जागा गेली. तसं नाहीये. आय-१४० अप्रूव्ह झालेलं आहे आणि त्यात फसवणूक-बिसवणूक काही नाही तर ती २०१९ ची प्रायॉरिटी डेट तुमचीच राहते, उद्या नवीन कंपनीनं नवीन आय-१४० भरलं तरी तीच तारीख लागते. परत यायचं कसं हा प्रश्न मात्र महागलाय, कारण सप्टेंबर २०२५ च्या आदेशानं अमेरिकेबाहेर असलेल्या माणसासाठी नवीन एच-वन-बी पिटिशनवर एक लाख डॉलर लावले. हे नियम कोर्टकचेऱ्यांत अडकतात, बदलतात, त्यामुळे निघायच्या वेळी जे असेल ते वकिलाकडून बघून घ्या. पण कॅनडाचा पासपोर्ट झाला की टीएन आहे, ऑस्ट्रेलियाचा झाला की ई-थ्री आहे, दोन्ही अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसा, दोन्हीला लॉटरी नाही. लक्षात ठेव, पासपोर्ट झाला की, नुसत्या पीआर वर नाही.

आणि इथेच एक गैरसमज मी इतक्या वेळा ऐकलाय की आता वैताग येतो. कॅनडाचे नागरिक झालो की ग्रीन कार्डची भारताची लाइन सुटते, असं लोक ठामपणे सांगतात. नाही सुटत. ती लाइन जन्म कुठे झाला त्यावर आहे, पासपोर्टवर नाही. तुम्ही दोघं आणि मुलगी भारतात जन्मलात, संपला विषय.

पैशांचं थोडक्यात सांगते कारण यासाठी दोन्ही देशांचे टॅक्स कळणारा अकाउंटंट लागतोच, तिथे कंजूषी नको. ४०१-के, म्हणजे नोकरीतलं रिटायरमेंटचं खातं, घाईत काढू नका, वयाच्या साडेएकोणसाठच्या आधी काढलं तर टॅक्स आणि शिवाय १० टक्के पेनल्टी, ते तसंच ठेवता येतं. सोशल सिक्युरिटीला, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी पेन्शनला, लागणारे ४० क्रेडिट्स नवऱ्याचे झाले असतील, तुझे नाहीत, पण अमेरिकेचा कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया दोघांशी करार आहे त्यामुळे तुझी वर्षं तिकडच्या वर्षांना जोडली जाऊ शकतात. भारताशी असा करार नाही, म्हणजे या बाबतीत तिकडे जाणं भारतात परतण्यापेक्षा बरं. धाकट्याला मात्र कुठेही राहिला तरी मोठेपणी कमाई सुरू झाली की अमेरिकेचं रिटर्न भरत राहावं लागेल.

घर २०२१ मधलं म्हणजे तीन टक्क्याच्या आसपासचं तीस वर्षांचं लोन असणार आणि ते सोडवत नाही हे मी समजू शकते. लोक म्हणतात भाड्यानं देऊ. द्या, पण तारीख लिहून ठेवा. विकण्याआधीच्या पाच वर्षांत दोन वर्षं स्वतः राहिलेलं असलं तरच जोडप्याला पाच लाख डॉलरपर्यंतचा नफा टॅक्समधून सुटतो, म्हणजे तुम्ही गेल्यावर तीन वर्षांच्या आत विकायला हवं. शिवाय तुम्ही नॉन-रेसिडेंट झाल्यावर विकलंत तर किमतीच्या १५ टक्क्यांपर्यंत रक्कम टॅक्सपोटी आधी कापून घेतात आणि मग रिटर्न भरून परत मागत बसायचं. आणि कॅनडात गेल्यावर तीस वर्षं एकच रेट विसरा, तिथे साधारण पाच-पाच वर्षांनी लोन रिन्यू होतं आणि रेट बदलतो. ऑस्ट्रेलियात तर बहुतेक लोन्स बदलत्या रेटवरच. भाषा एकच आहे म्हणून सगळं ओळखीचं वाटतं आणि नेमकं अशा ठिकाणी माणूस गाफील राहतो.

आई-वडिलांबद्दल तू एका ओळीत लिहिलंयस, मला वाटतं ती ओळ मोठी व्हायला हवी. अमेरिकेत ते साधारण सहा महिने येतात आणि जातात. कॅनडाची सुपर व्हिसा आहे तिच्यावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं, खासगी मेडिकल इन्शुरन्स आणि तुमचं ठरावीक उत्पन्न दाखवावं लागतं. ऑस्ट्रेलियात पालकांची कायमची व्हिसा एक तर प्रचंड महाग नाही तर लाइन इतकी लांब की बोलायलाच नको, पण तात्पुरती तीन किंवा पाच वर्षांची व्हिसा आहे, सगळी मिळून दहा वर्षांपर्यंत. पण सिडनी आणि भारतात साडेचार-साडेपाच तासांचा फरक, टोरांटोचा साडेनऊ-साडेदहा. रात्री अकराला बाबांना चक्कर आली असा फोन आला तर तुम्ही झोपलेले आहात की ऑफिसात आहात की जागेच आहात, यानं रोजच्या आयुष्यात किती फरक पडतो हे ज्यांचे आई-वडील सत्तरीच्या पुढे गेलेत त्यांना विचार. माझं स्वतःचं मत विचारशील तर आई-वडील एकटे आणि तुम्ही एकुलते एक असाल तर हा मुद्दा पगाराच्या वर ठेवावा.

एक नाजूक गोष्ट, तुम्हाला लागू नसेल पण बाकी वाचणाऱ्यांसाठी. घरात कोणाला मोठा आजार किंवा मुलाला विशेष गरजा असतील तर ऑस्ट्रेलियाच्या मेडिकलमध्ये एकाला नकार आला तर बहुतेक व्हिसांमध्ये सगळ्या कुटुंबाला नकार येतो. अर्जाची फी भरण्याआधी त्यातल्या जाणकार वकिलाशी बोला, मागाहून नको.

मुलीशी बोललात का? तेराव्या वर्षी तिला न विचारता ठरवलंत तर ती तुम्हाला पुढची पाच वर्षं ऐकवेल. शिवाय ऑस्ट्रेलियात शाळेचं वर्ष जानेवारी अखेर-फेब्रुवारीला सुरू होतं, अमेरिकेतून जूनमध्ये वर्ष संपवून गेली तर ती तिथे अर्ध्या वर्षात जाऊन पडणार. डिसेंबरमध्ये निघणं तिच्यासाठी सोपं.

आत्ता लगेच करायचं म्हणजे दोघांनी आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेची, तिच्या जनरल प्रकाराची, तारीख घ्या, ती दोन्ही देशांना चालते, कॅनडाला तिचा निकाल दोन वर्षं चालतो आणि ऑस्ट्रेलियाला तीन वर्षं. त्याच महिन्यात डिग्र्यांचं मूल्यांकन आणि नवऱ्याचं एसीएस सुरू करा, जुन्या कंपन्यांकडून कामाचं स्वरूप लिहिलेली पत्रं मागवायला लागा, त्यात सगळ्यात जास्त वेळ जातो, आणि भारतातली एखादी कंपनी बंद पडलेली असली तर जुन्या मॅनेजरला आत्ताच शोधून ठेवा. पोलिस क्लिअरन्स मात्र इतक्यात काढू नका, एफबीआयचं आणि भारताचं दोन्ही, ती मागितल्यावर काढायची असतात, नाहीतर शिळी होतात आणि पुन्हा बोटांचे ठसे देत फिरावं लागतं.