कुत्रा गोळी खात नाही, भाकरीत लपवली तर गोळी तेवढी थुंकतो. घरचे म्हणतात धरून घशात कोंबा. काय करू?

घरचे म्हणतात कोंबा, एवढं वाचलं आणि राहवलं नाही भाऊ. आमच्या घरी हाच वाद पाच वर्षांपासून चालू आहे आणि समोरची पार्टी म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ.

आम्ही दारव्हा तालुक्यातले. घरी बैलजोडी, एक गाय आणि काळ्या. पोळ्याच्या आसपास काळ्या मलूल पडला, ताटाचा वास घेऊन परत फिरायचा, आणि एक दिवस नाकातून रक्त. गावात सगळे म्हणे कोणीतरी दगड मारला असन. फटफटीवर मधात बसवून तालुक्याला नेला, डॉक्टरांनी हिरड्या पाहिल्या, पांढऱ्याफटक, रक्त तपासलं, गोचीड ताप निघाला. वजन वीस किलो, त्या हिशेबानं डॉक्सिसायक्लिन 100 मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, 28 दिवस. म्हणजे 56 गोळ्या! आई म्हणे माणसाले नाही देत इतक्या.

पहिले काही दिवस मी बरोबर दिल्या. मग सासरी अडचण आली, सहा दिवस अमरावतीला राहावं लागलं, गोळ्या दादाच्या हवाली. आता दादा म्हणजे बैलाला बांबूच्या नळकांड्यानं औषध पाजावं तर त्यानंच, हे मी मान्य करतो. पण कुत्रा म्हणजे बैल नाही नं. याची पद्धत एकच, पायात दाबायचा, जबडा फाकवायचा, गोळी आत फेकायची आणि सोडून द्यायचा. मी रोज फोन करायचो, रोज एकच उत्तर, "देल्ली ना बे, गटकन गिळते तो, तूच लाड करून राहिला."

परत आलो तर काळ्याला पुन्हा ताप. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, गोळ्या चालू आहेत ना? मी छाती ठोकून हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी कोठ्यात गाईसाठी कुटार काढायला गेलो तर कुटाराच्या ढिगामागं पिवळ्या पिवळ्या गोळ्या, अर्धवट विरघळलेल्या. नऊ! बाराच्या नऊ गोळ्या पठ्ठ्यानं गालात धरून तिथं नेऊन टाकल्या होत्या. डॉक्टर म्हणाले कोर्स पहिल्यापासून मोजा. पैसा माझा गेला, आणि दादा अजूनही लग्नाकार्यात सांगतो की कुत्रा बरा झाला तो त्यानं चोळलेल्या कडुनिंबाच्या पाण्यानं.

तर तुमच्या प्रश्नाचं. पूर्ण ताटात गोळी लपवू नका, एकदा सापडली की तो जेवणच सोडतो. जेवणाच्या आधी, भुकेला असताना, उकडलेल्या कलेजीचे बोराएवढे तीन गोळे करा (कांदा-लसूण नको, कुत्र्याला बाधतो). पहिला रिकामा, दुसऱ्यात गोळी, तिसरा आधीच नाकासमोर धरायचा म्हणजे दुसरा चावत बसायला त्याला फुरसतच नाही. काळ्याच्या उरलेल्या सगळ्या गोळ्या अशाच गेल्या. माझी बायको भाकर कुस्करून त्याचे गोळे करायची, तेही चाललं.

अगदीच नाही जमलं तर हातानं द्या, पण दादासारखं नाही. वरचा जबडा सुळ्यांच्या मागून धरायचा, गोळी जिभेच्या पार मागं ठेवायची, तोंड मिटून धरायचं, गळा चोळायचा. त्यानं जिभेनं नाक चाटलं की समजा गिळली. तोपर्यंत हात सोडायचा नाही, सगळा खेळ इथंच आहे, आणि दादानं नेमकं हेच केलं नाही. वरून बिनसुईच्या सिरिंजनं गालाच्या बाजूनं थोडं पाणी, हळूहळू. मान उंच करून भसकन ओतलं तर फुफ्फुसात जाते.

दुधात देऊ का म्हणून कोणी विचारण्याआधीच सांगतो, डॉक्सी असेल तर दूध-दही नको, औषध नीट लागत नाही. तुमची गोळी कोणती ते तुम्ही लिहिलंच नाही, त्यामुळे फोडायची की नाही ते डॉक्टरांना विचारा, काही गोळ्या फोडून चालत नाहीत. मांजर असेल तर जुन्या लुगड्यात गुंडाळून द्या, आणि डॉक्सी कोरडी तर बिलकुल नको, अन्ननळीत अडकून जखम करते, पाणी पाजाच. घरातली तापाची पॅरासिटामॉल मांजराला चुकूनही नको, मरते. कुत्र्यालाही आपल्या मनानं पेनकिलर देऊ नका.

आणि दोन दिवस बरा दिसला म्हणून कोर्स सोडू नका. दादा तेव्हाही म्हणत होता, "आता कायले पैसे घालवतं?"

दादा, पोट्ट्यानं हे तुला वाचून दाखवलंच तर ऐक, सात नाही, नऊ होत्या. आईसमोर मोजल्या.