मुलांना गोड खाल्ल्याने जंत होतात का? ५ वर्षांच्या मुलाला रात्री शौचाच्या जागी खाज येते.

नाही, गोडाने जंत होत नाहीत, बहुतेक जंत त्यांची अंडी तोंडावाटे पोटात गेली की होतात, त्यामुळे बिचाऱ्याचा गूळ-चॉकलेट बंद करून काही फायदा नाही (दातांसाठी कमी करा ते वेगळं). मी प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स आहे, अशा तक्रारी रोजच येतात. रात्रीचीच खाज म्हणजे बहुतेक सुतासारखे बारीक पांढरे जंत, मादी रात्री बाहेर येऊन शौचाच्या जागेभोवती अंडी घालते, मूल झोपेत खाजवतं, अंडी नखात अडकतात आणि सकाळी तोच हात तोंडात, की परत सुरू. पोर झोपल्यावर दोनेक तासांनी टॉर्च लावून बघा, वळवळताना दिसतात कधीकधी.

यावर अल्बेंडाझोल ४०० मिग्रॅची एक गोळी, चावून खायला सांगा, पण अंडी त्याने मरत नाहीत म्हणून २ आठवड्यांनी दुसरी लागतेच आणि घरातल्या सगळ्यांनी एकदमच घ्यायची, नाहीतर एकाकडून दुसऱ्याला फिरत राहतं. सोबत नखं एकदम बारीक कापा, सकाळी उठल्या उठल्या आंघोळ घाला, चड्डी-चादर गरम पाण्यात धुवा.

फक्त घरात कोणी गरोदर असेल किंवा २ वर्षांच्या आतलं बाळ असेल तर त्यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी देऊ नका.