चार लिटरचा दवाखाना

प्रश्न: आम्ही बेळगावात वडगावला एका खोलीत राहतो. तीन लिटरच्या काचेच्या भांड्यात निळा फायटर मासा आहे. पंधरा दिवसांपासून शेपटीची कड झिजतेय, कडेला काळपट रेघ दिसते. दिवसभर तळाशी पडून असतो, खाणं कमी झालंय. दुकानदाराने पिवळं औषध दिलं, फरक नाही. दुसरा टँक ठेवायला जागा नाही. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, ते आम्ही हंड्यात भरून ठेवतो. काय करावं?

उत्तर: आधी एक विचारतो, हंडा तांब्याचा आहे का? असेल तर ते पाणी आजपासून माशाला बंद. आपल्याला चालणारं तांबं माशाला विष ठरतं. प्लास्टिकच्या बादलीत भरा, तोंड उघडं ठेवून 24 तास मुरू द्या आणि वापरताना अँटी-क्लोरीन बाटलीवरच्या मापाने घाला. पावसाळ्यात नळाच्या पाण्याला ब्लीचिंगचा वास जास्त येतो, तेव्हा तर हे चुकवूच नका.

तुमच्या माशाला फिन रॉट, म्हणजे पर (शेपटीचे आणि अंगावरचे पोहायचे पडदे) कुजण्याचा रोग झालेला दिसतो. पर रातोरात, चावा घेतल्यासारखा गोल तुटला असता तर त्याने स्वतःच शेपटी चावली असं म्हटलं असतं. हळूहळू झिजणं आणि काळपट किंवा लालसर कड ही जिवाणूंची खूण. पण ते जिवाणू पाण्यात नेहमीच असतात. तीन लिटरमध्ये माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून येणारा अमोनिया दोन-तीन दिवसांत साचतो, कल्ले आणि पर भाजतो, आणि तिथे जिवाणूंना वाट मिळते. शिवाय फायटर, म्हणजे बेटा मासा, थायलंडकडचा, 25 ते 28 अंशांत सुखी. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्री पारा 13-14 वर येतो. एवढंसं भांडं खोलीबरोबरच गार होतं, मासा सुस्तावतो, त्याची प्रतिकारशक्ती मंदावते. म्हणून औषधाची बाटली बाजूला ठेवा. स्वच्छ आणि उबदार पाणी हेच अर्ध्याहून जास्त औषध आहे.

जागेचं म्हणाल तर दीड फूट बाय एक फूट पुरे. अभ्यासाच्या टेबलाखाली चालेल, गॅसजवळ नको. पंधरा लिटरचा प्लास्टिकचा टब घ्या आणि खाण्याच्या वस्तूंचा, साबण न लागलेला पाच लिटरचा पारदर्शक डबा. डबा टबातल्या पाण्यात उभा ठेवायचा. हीटर टबात, मासा डब्यात. हीटर 50 वॅटचा, आपोआप बंद-चालू होणारा घ्या. स्वस्तातला साधा हीटर एवढ्या पाण्यात मासा शिजवतो. थर्मामीटर मात्र डब्यात ठेवा, कारण आत आणि बाहेर अर्धा-एक अंश फरक राहतो. टबातलं पाणी डब्यातल्या पाण्यापेक्षा दोन बोटं खाली ठेवायचं, नाहीतर डबा तरंगून कलंडतो. हीटर खुणेपर्यंत बुडालेला हवा. टबात हात घालण्याआधी प्लग काढायचा, आणि वायर सॉकेटच्या खाली झोल देऊन सोडायची, म्हणजे ओघळ सॉकेटमध्ये शिरत नाही.

डब्यावर एकेक लिटर ओतून मार्करने चार खुणा करा. पाण्याच्या वर चार-पाच सेंटीमीटर हवा आणि वर भोकं पाडलेलं झाकण ठेवा. फायटर पृष्ठभागावर येऊन हवा गिळतो. वरची हवा गार असली तर तेही त्याला बाधतं. याच कारणाने त्या खोलीत डासांची उदबत्ती किंवा फवारा नको.

मासा जाळीने पकडू नका, फाटलेले पर आणखी फाटतात. फुलपात्र पाण्यात बुडवून त्याला अलगद आत घ्या. डब्यात आधी जुन्या भांड्यातलं एक लिटर पाणी, त्यात मासा, मग मेडिकलमधून आणलेल्या सलाईनच्या नळीने बारीक धार लावून तास-दीड तासात तीन लिटर मुरवलेलं पाणी. हे झाल्यावरच हीटर लावा आणि तासाला एका अंशाने 27 पर्यंत जा.

मीठ: साधं खडे मीठ 40 ग्रॅम तोलून एक लिटर पाण्यात विरघळवून बाटली भरून ठेवा. या पाण्याचे 100 मिली म्हणजे 4 ग्रॅम, चार लिटरला लिटरमागे एक ग्रॅम. पहिल्या दिवशी 100, दुसऱ्या दिवशी आणखी 100, बस्स. रोज दोन लिटर पाणी बदला. दर तिसऱ्या दिवशी तळाला अर्धा लिटर ठेवून बाकी सगळं बदला, पण नवं पाणी पहिल्यासारखंच बारीक धारेने. नव्या पाण्याचं तापमान एका अंशाच्या आत जुळवा. चूक इथेच होते: मीठ उडून जात नाही, म्हणून दोन लिटर बदलले तर मीठ त्या दोन लिटरचंच, 100 मिली. पुन्हा चार लिटरचं घातलं तर चार दिवसांत मात्रा दुपटीच्या जवळ जाते. दहा दिवसांपेक्षा जास्त मीठ ठेवू नका.

खाणं सकाळी दोनच दाणे. दहा मिनिटांत न खाल्लेलं 20 मिलीच्या सिरिंजने ओढून घ्या, विष्ठाही तशीच. अंगणातल्या देशी बदामाचं गळालेलं, वाळून तपकिरी झालेलं पान धुऊन पाव तुकडा टाका. पाणी चहासारखं होतं आणि माशाला मानवतं, पण ते औषध नव्हे.

पाच-सहा दिवसांत काळी कड थांबली आणि तिच्यापुढे पातळ, काचेसारखा पडदा फुटलेला दिसला, तर तोच नवा पर. झीज अंगापर्यंत पोचली तर मात्र पशुवैद्याला दाखवा. टेट्रासायक्लिनची कॅप्सूल फोडून टाकायचा सल्ला पुष्कळ जण देतात. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम ते औषध बांधून टाकतं, उपयोग होत नाही.

बरा झाल्यावर पुन्हा त्या भांड्यात नको, मनापासून सांगतो. 25 सेंटीमीटरचा चौकोनी टँक स्पंज फिल्टरसह घ्या. साधारण 13 लिटर पाणी मावतं, आणि तो या टबाच्याच जागेत बसतो.

प्रश्न: खानापूर. फायटरच्या अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके आले आहेत, दगडाला अंग घासतो. पावसाळ्यात वीज तासन् तास जाते, हीटर कसा चालवायचा?

उत्तर: हा व्हाइट स्पॉट, म्हणजे परजीवी. ठिपक्यात असताना त्याच्यावर औषधाचा परिणाम होत नाही. ठिपका फुटून पिल्लं पाण्यात पोहतात तेव्हाच ती मरतात. म्हणून ठिपके गेले की औषध थांबवणं ही मोठी चूक. वरच्यासारखाच टब-डबा मांडा, तापमान दिवसभरात 30 वर न्या, त्याने परजीवीचं चक्र लवकर उरकतं. मिथिलीन ब्लू हे निळं औषध बाटलीवरच्या मापानेच द्या. समजा 40 लिटरला 4 मिली लिहिलंय, तर चार लिटरला 0.4 मिली, एक मिलीच्या सिरिंजने. थेंब मोजू नका, थेंब लहान-मोठे पडतात. पाणी बदललं की बदललेल्या पाण्यापुरतंच औषध. शेवटचा ठिपका गेल्यावर आणखी पाच दिवस चालू ठेवा.

वीज गेली की टबाभोवती कांबळं गुंडाळा आणि गरम पाण्याची बंद बाटली टबात सोडा, डब्यात नाही. जुनं भांडं आणि दगड गरम पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करा, ओल राहिली नाही तर परजीवी जगत नाही. ठिपक्यांऐवजी टॉर्चच्या उजेडात सोनेरी धूळ दिसली तर तो वेगळा रोग, वेल्व्हेट. त्यात उजेडही बंद करून डबा झाकून ठेवावा लागतो.

प्रश्न: निपाणी. फायटरचं पोट फुगलंय, तिरका पोहतो. वाटाणा द्यावा का?

उत्तर: नको, फायटर मांसाहारी आहे. वरून बघा. खवले अंगाला चिकटलेले असतील तर बद्धकोष्ठ समजा. तीन दिवस उपास, पाणी 27 अंश, आणि चार लिटरला सपाट चमचाभर, म्हणजे 5 ग्रॅम, एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट). ते मेडिकलमध्ये मिळतं. चौथ्या दिवशी डॅफ्निया (पाण्यातले बारीक जीव) द्या. त्याचं पोट त्याच्या डोळ्याएवढं, हे लक्षात ठेवा. खवले पाइनच्या फळासारखे उभे राहिले असतील तर ती ड्रॉप्सी, म्हणजे अंगात पाणी साठणं, मूत्रपिंड निकामी झाल्याची खूण. त्यात साधं मीठ घालू नका, एप्सम आणि स्वच्छ पाणी एवढंच करा. यातून फार थोडे मासे वाचतात.