मोक्ष कमावता येत नाही

प्रिय,

अनेक आशीर्वाद. सत्य शाश्वत असेल तर ते मिळवायला एवढी खटपट कशाला, हा तुझा प्रश्न बिनतोड आहे. उपनिषदांचा अर्थ सूत्रांत मांडणाऱ्या ब्रह्मसूत्रांच्या चौथ्याच सूत्रावर लिहिताना शंकराचार्य याच मुद्द्यावर भांडले आहेत. कर्माने काय काय साधतं? नवी वस्तू तयार होते, असलेली बदलते, लांबची हाती येते, नाहीतर मळलेली स्वच्छ होते. मोक्ष यातल्या कशातच बसत नाही, असं ते म्हणतात. तो तयार होत असेल तर कधीतरी संपेलही. आणि संपणाऱ्याला मोक्ष कोण म्हणेल? यज्ञ, दान, तप यांनी चित्त शुद्ध होतं हे त्यांना मान्य आहे. त्यापुढे मात्र कर्माचं काम नाही. जे आहेच त्याबद्दलचं अज्ञान गेलं, की तीच मुक्ती.

नुसत्या युक्तिवादाने समाधान होत नसेल तर छांदोग्य उपनिषदाचा सहावा अध्याय उघड. श्वेतकेतू 12व्या वर्षी गुरूकडे गेला आणि 24व्या वर्षी सगळे वेद शिकून, भरपूर ताठा घेऊन घरी आला. वडील, उद्दालक, त्याला मीठ पाण्यात टाकून ठेवायला लावतात आणि सकाळी म्हणतात, आण ते मीठ. तो चाचपडतो, हाती काही लागत नाही. मग वरचं पाणी चाख, मधलं चाख, तळाचं चाख. सगळं खारटच. सत्यही तसंच, दिसत नाही पण सगळीकडे आहे. 'तत्त्वमसि', म्हणजे 'ते तूच आहेस', हे वाक्य या अध्यायात नऊ वेळा येतं. मला त्याहून भावतं ते बारा वर्षं शिकून आलेल्या मुलाचं 'पुन्हा समजावून सांगा' म्हणणं.

आणि हो, 'हिंदू तत्त्वज्ञान असं सांगतं' हे सरसकट लिहू नकोस. सांख्य दर्शनातला मोक्ष, म्हणजे कैवल्य, हे पुरुष (शुद्ध जाणीव) प्रकृतीहून (जड सृष्टीहून) वेगळा आहे हे उमगणं. त्यासाठी ईश्वर लागत नाही. वैष्णव आचार्य रामानुजांच्या मुक्तीत जीव वेगळा उरतो आणि नारायणाची सेवा करतो. वैशेषिक या आणखी एका दर्शनाच्या मोक्षात दुःख जातं, पण सुख आणि जाणीवही जाते. त्यावरचा जुना टोमणा ठाऊक आहे ना? असली मुक्ती घेण्यापेक्षा वृंदावनात कोल्हा झालेलं बरं!

तुकोबांनी तर 'न लगे मुक्ति धनसंपदा' म्हणून मुक्तीला थेट पैशाअडक्याच्या पंगतीला बसवलं आणि संतसंग मिळणार असेल तर खुशाल गर्भवासात घाल, असं देवाला सांगून टाकलं. जीव आणि ब्रह्म एकच मानणारा, शंकराचार्यांच्या वाटेवरचा कट्टर अद्वैती याला खालची पायरी म्हणेल. मला ते पटत नाही. जन्माचंच भय उरलं नाही, तर त्या माणसाने सुटायचं तरी कशातून?

नोकरी सोडून ऋषिकेशला जायचं तूर्त राहू दे. सहावा अध्याय कुणा जाणत्यापाशी बसून वाच, रोज एक खंड पुरे. सोळाच खंड आहेत. शेवटच्या खंडात चोरीचा आळ आलेल्या माणसाला तापलेली कुऱ्हाड धरायला लावतात, तिथे बहुतेक अडशील. अडलास की लिही.