जळगावात अंगणात बसवलेल्या वायरलेस चार्जिंग पॅडवर धूळ बसली किंवा पावसाचे पाणी साचले, तर विजेवर चालणारी मोटारगाडी चार्ज होईल का?

होय. पॅड जलरोधक असेल आणि तळाशी ग्राही कॉइल (वीज घेणारे तारेचे वेटोळे) असलेली मोटार त्यावर नीट उभी असेल, तर उन्हाळ्यातली धूळ, चाकांबरोबर शेतातून आलेली काळी माती किंवा साचलेले पाणी यांमुळे चार्जिंगमध्ये जाणवण्याजोगा फरक पडत नाही. येथे वीज संपर्कातून जात नाही: जमिनीवरील कॉइलमधला सुमारे ८५ किलोहर्ट्झचा प्रत्यावर्ती (सतत दिशा बदलणारा) प्रवाह चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो, ते क्षेत्र १० ते २५ सेंटीमीटरची फट ओलांडून मोटारीच्या कॉइलमध्ये वीज प्रवर्तित करते, आणि माती किंवा पावसाचे पाणी त्याला अडवत नाही. हे आकडे ११ किलोवॉटपर्यंतच्या चार्जिंगसाठी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या जे२९५४ या मानकातले आहेत. खरी काळजी धातूची घ्यावी. खिळा, नाणे किंवा पुडीच्या चंदेरी वेष्टनाचा तुकडा पॅडवर राहिला, तर त्यात एडी करंट (धातूत भोवऱ्यासारखा फिरणारा प्रवाह) निर्माण होऊन तो हात भाजण्याइतका तापू शकतो. म्हणून परकी वस्तू ओळखून पुरवठा थांबवणारी यंत्रणा नसलेला पॅड, तो कितीही स्वस्त असला तरी, घरात लहान मुले असताना मुळीच घेऊ नये. मात्र आपल्याकडच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांकडे जात असताना, पॅड उघड्या उन्हात नसावा, कारण प्रवर्तनात वाया जाणारी ऊर्जा उष्णतेच्याच रूपात बाहेर पडते आणि यंत्रणा अति तापल्यास ती स्वतःहून चार्जिंगचा वेग कमी करते.