एमआरआय झाला, तरी वाकून एक्स-रे कशासाठी?

वाकून उठताना आईची कंबर मधेच धरते, एमआरआयमध्ये 'चौथा मणका किंचित पुढे' एवढंच आलंय, तरी डॉक्टरांनी वाकून आणि मागे झुकून एक्स-रे सांगितलेत; हा वायफळ खर्च तर नाही ना, असं तुम्ही विचारलंय.

वायफळ नाही, जरूर काढा. मी अंबाजोगाईत एक्स-रे टेक्निशियन आहे. ऊसतोडीहून परतलेल्या बायका हीच तक्रार घेऊन येतात. वर्षानुवर्षं मोळ्या वाहिलेली कंबर ती. एमआरआय आडवं झोपवून काढतात. झोपलं की मणक्यांवरचा भार उतरतो आणि सरकलेला मणका पुष्कळदा जागेवर जातो. चकती, नस उत्तम दिसते, पण उभ्याने वाकल्यावर मणका किती हलतो ते कळत नाही.

बाजूने काढलेल्या दोन्ही फोटोंत वरच्या मणक्याची मागची कड खालच्या मणक्याच्या कडेपासून किती पुढे-मागे आहे ते मोजून फरक काढतात. तो साधारण 4 मिलिमीटरच्या वर गेला की मणका अस्थिर असल्याची शंका घेतात. दोन मणक्यांमधल्या कोनातला बदलही बघतात: कमरेच्या वरच्या मणक्यांत 15 अंशांहून जास्त, चौथ्या-पाचव्यामध्ये 20 आणि पाचव्याच्या खाली 25.

खरी गोम फोटो काढण्यातच आहे. दुखतं म्हणून माणूस गुडघे मुडपून खुब्यातून वाकतो, कंबर तशीच ताठ राहते, आणि रिपोर्ट 'नॉर्मल' येतो. म्हणून मी आधी एकदा वाकून दाखवायला लावतो. "मावशी, गुडघे ताठ ठेवा, पाठ गोल करून वाका, हात इथं धरा." कमरेला खोचलेला पैशांचा बटवा आणि साडीची सेफ्टी पिन आधीच काढून ठेवायला सांगा, पिन नेमकी मणक्यावर येते. दुखणं ऐन भरात असेल तर डॉक्टरांना विचारून ते ओसरल्यावर काढा. कमरेला पट्टा बांधत असतील तर फोटोआधी तो मात्र सोडायचाच.

आकडा जास्त आला म्हणजे लगेच ऑपरेशन, असं समजू नका. काहीही न दुखणाऱ्या माणसांचेही मणके थोडेफार सरकतात. आईचं दुखणं, पायातली ताकद आणि आकडा एकत्र पाहूनच डॉक्टर ठरवतील, आणि बहुतेकांना आधी व्यायामच देतात. पण लघवी-संडासवरचा ताबा सुटला, जांघेत बधिरपणा आला किंवा पाऊल लुळं पडलं, तर एक्स-रेची वाट न बघता त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या.

रिपोर्टमध्ये दोन्ही फोटोंतले मिलिमीटर लिहून मागा. सहा महिन्यांनी पुन्हा फोटो काढायची वेळ आली तर तुलनेला तेच लागतील.