मुलगा ‘मुतायला आलंय’ म्हणाला तर सगळे हसतात, मुलगी म्हणाली तर तिला दटावतात. हा संस्कार की भेदभाव?

ताई, तुम्ही लिहिलंय की लातूरला घरी पाहुणे बसलेले असताना पाच वर्षांची लेक येऊन म्हणाली, ‘मम्मी, मुतायला आलंय’, आणि सासूबाईंनी तिला सगळ्यांदेखत झापलं. थोड्या वेळाने तिचा चुलतभाऊ तेच बोलला तर पाहुणे हसले आणि आजोबांनी त्याला अंगणात नेऊन उभं केलं. हा संस्कार म्हणायचा की भेदभाव, असा तुमचा प्रश्न आहे.

दोन्ही. आपल्याकडे मुलींच्या बाबतीत या दोन गोष्टी बऱ्याचदा एकाच ताटात वाढलेल्या असतात.

मी अंबाजोगाईला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, माहेर केज तालुक्यातलं. लोकांच्या हातात डबी द्यायची आणि लघवी, संडास, बेडका मागायचा, हेच माझं रोजचं काम. त्यामुळे या विषयावर माझ्याकडे मतं थोडी आणि कानावर पडलेलं भरपूर.

डबी हातात दिली की गडी माणूस सरळ विचारतो, ‘मॅडम, किती भरू?’ धोतरातले बाबा ‘पेशाब’ म्हणतात. आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, कारभार उर्दूत. कचेरीच्या शब्दांसोबत हाही घराघरात आला आणि परका असल्यामुळे जरा सभ्य ठरला. आज ‘वॉशरूम’चं तेच चाललंय. तरुण बाई मात्र डबी आधी ओढणीखाली घेते, मग हळूच विचारते, ‘कशाची द्यायची?’ मी ‘लघवी’ म्हटलं की नुसती मान हलवते. स्वतःच्या तोंडाने बोलायची वेळ आलीच तर ‘बाथरूमची टेस्ट’. आणि तिच्याच शेजारी बसलेली तिची आजेसासू सगळ्या बाकांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगते, ‘आगं माय, आत्ताच तर मुतून आले, आता कुठून आणू?’ आजीकडे कुणी वळूनही बघत नाही.

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर या आजेसासू आणि नातसुनेच्या जोडीत आहे. मुलाला लहानपणी एक शब्द मिळतो आणि तो त्याला मरेपर्यंत पुरतो. मुलीचे शब्द दर काही वर्षांनी काढून घेतले जातात. तान्ही असताना दोघांनाही शू आणि शी. बोलायला लागली की मुलगा मुततो, मुलगी ‘शू’वरच थांबते. शाळेत दोघंही करंगळी वर करून ‘बाई, एकीला जाऊ?’ म्हणतात. मुलीला पदर आला की वाक्यातलं कर्मच गळून पडतं: ‘जरा जाऊन येते.’ कुठे, कशाला, काही नाही. सासरी गेली की तेवढंही उरत नाही. घरात सगळे झोपेपर्यंत थांबायचं, नाहीतर जावेला डोळ्यानं खुणवायचं. मग लेकरं मोठी होतात, पाळी जाते, सुना येतात आणि एक दिवस तिला लहानपणीचा शब्द परत मिळतो. म्हणून म्हाताऱ्या बाया इतक्या मोकळ्या बोलतात. ‘पादा पण नांदा’ ही म्हण मी आयुष्यात फक्त साठीच्या पुढच्या बायकांच्या तोंडून ऐकलीय, आणि ती कायम नव्या सुनेला उद्देशून असते. नव्या सुनेने ती उलट म्हणून बघावी!

म्हणजे आक्षेप शब्दाला नाहीच. तो कोणाच्या तोंडात आहे आणि ते तोंड अजून लग्नाच्या बाजारात किंवा सासरच्या घरात आहे का, यावर सगळं ठरतं. शब्दच घाण असता तर मुतखडा म्हणताना कुणी तरी अडखळलं असतं. उन्हाळ्यात आमच्याकडे मुतखड्याची रांग लागते आणि जिच्या तोंडून लघवी हा शब्द निघत नाही तीच बाई ‘मला मुतखड्याचा त्रास आहे’ असं ठणठणीत सांगते, कारण तो आजार आहे, डॉक्टरने दिलेला. गोमूत्र तर देवघरातही चालतं. जळजळ होत असेल तर ‘उन्हाळी लागलीय’ म्हणता येतं. त्यात ऋतूवर ढकललं की अंगाचं नाव घ्यावं लागत नाही. हा शब्द मला आवडतो, बायकांनी त्याच्या आडून बरंच सांगून घेतलंय.

सरकारी कामात तर याहून मोठी गंमत आहे. २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं आणि गावोगावच्या वेशीवर ‘हागणदारीमुक्त गाव’ अशा पाट्या लागल्या. आम्हाला प्रभातफेरीत घोषणा द्यायला लावल्या. ज्या बाई वर्गात कुणी ‘हगायला’ म्हणालं तर पट्टी काढायच्या, त्याच पुढे चालून ‘हागणदारी हटवा’ ओरडत होत्या आणि आम्ही पोरी मागून ओरडत होतो, पोट धरून हसत. पहिले दोन दिवस. नंतर हसू गेलं, तो शब्द ग्रामपंचायतीच्या कागदावरचा झाला. पुढे पहाटे टमरेलवाल्यांना धरणारं ‘गुड मॉर्निंग पथक’ आलं. त्यात पकडले जायचे ते बहुतेक पुरुष, कारण बाया दिवस उगवायच्या आत उरकून आलेल्या असायच्या. राहिलं तर दिवस बुडेपर्यंत दाबून धरायच्या.

आता हे सगळं नुसतं बोलण्यापुरतं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. दाबून धरायचं म्हणून पाणी कमी प्यायचं, ही सवय मी आईत पाहिली, माझ्यात पाहिली, आता नर्सिंगच्या पोरींतही बघते. बाईची मूत्रनळी साधारण ४ सेंटीमीटर, पुरुषाची २० च्या आसपास. जंतूंना वर चढायला बाईच्या अंगात वाट मुळात जवळची, त्यात मराठवाड्याचं ऊन आणि तहान मारायची सवय. कल्चरसाठी, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून बघायच्या तपासणीसाठी, लघवी घ्यायची तर आधी जागा पाण्याने धुवायची, पहिली धार सोडून द्यायची, मधली धार डबीत घ्यायची. हे समजावताना ‘जागा’ म्हटलं की पुढची बाई मान खाली घालते आणि नीट ऐकतच नाही. मग नमुना खराब, रिपोर्टमध्ये भलतेच जंतू, आणि ती परत शंभर किलोमीटरची एसटी करून येते. आता मी सोबतच्या माणसाला बाहेर थांबवते, दार लावते आणि हाताने दाखवून सांगते. नवरा शेजारी असताना नवऱ्यालाच सगळं कळतं आणि तिला काहीच नाही.

बेडक्याचं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. टीबीसाठी छातीतून खाकरून काढलेला बेडका लागतो. गडी बेसिनवर जाऊन खाकरतो, आवाज रस्त्यापर्यंत. बायका डबीत थुंकी आणून देतात, पांढरी, पातळ, कारण खाकरणं, पिचकारी, मोठी ढेकर ही सगळी गड्यांची कामं, असंच वाढवलेलं असतं. थुंकीत जंतू सापडत नाहीत, रिपोर्ट चांगला येतो आणि बाई खोकतच राहते. पाकिस्तानात रावळपिंडीला याचा रीतसर अभ्यास झाला, २००७ साली तो छापून आला. बायकांना बेडका कसा काढायचा हे नीट समजावलं तेव्हा जंतू सापडण्याचं प्रमाण १०० त ८ वरून १३ वर गेलं. पुरुषांना समजावून काही फरक पडला नाही. त्यांना आधीच येत होतं.

पाळीच्या शब्दांवर स्वतंत्र उत्तर लिहावं लागेल. कावळा शिवला, बाजूला बसली, अडचण आली, डेट आली, प्रॉब्लेम आहे. एवढ्या नावांनी तर देवालाही हाक मारत नाहीत. तेराव्या शतकात पैठणला राहून गेलेल्या, महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींनी हा विटाळ साफ नाकारला होता. नाकातून शेंबूड येतो, कानातून मळ येतो, तसाच हा शरीराचा एक स्राव, असं लीळाचरित्रात आहे. आमच्या गावात महानुभावांची घरं आहेत, तिथेही बाया बाजूला बसायच्या, ते असो.

मला जास्त खुपतो तो ‘पिशवी’ हा शब्द. गर्भाशय कुणी म्हणत नाही, गर्भपिशवी नाही, नुसती पिशवी. अंगावरून पांढरं जातंय, ओटीपोट दुखतंय, यातलं काहीच बाईला धड सांगता येत नाही, ती म्हणते, ‘खाली त्रास हाय.’ समोरचा म्हणतो, ‘पिशवीला सूज आहे, काढून टाकू.’ सगळा संवाद दोन वाक्यांचा. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजूर बायकांची २०१९ मध्ये सरकारने पाहणी केली, तेव्हा ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. कारणं मोठी आहेत: मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल, एका दिवसाच्या खाड्याला कापला जाणारा पैसा, कोपीत म्हणजे झोपडीत ना मोरी ना संडास, पाळीत मोळी उचलायची, आणि कॅन्सरची भीती घालणारे लोक. शब्द बदलून यातलं काही हटणार नाही. पण रिकामी झालेली पिशवी टाकून द्यावी तसं हे सहज बोललं जातं, आणि तिशीतली बाई ‘माझी काढलीय’ असं सांगते तेव्हा काय काढलंय हे तिलाच पुरतं माहीत नसतं. मी कागदावर चित्र काढून दाखवते. एक जण म्हणाली, ‘एवढीशीच असती व्हय?’

पुरुष मोकळे असतात, असंही समजू नका. कापल्या करंगळीवर न मुतणाऱ्यापासून पुढे सगळ्या म्हणी-शिव्या त्यांच्या ताब्यात, भिंतीवरच्या ‘येथे लघवी करू नये’ या पाट्यासुद्धा त्यांच्याचसाठी. पण लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही, बायकोच्या सगळ्या तपासण्या करून झाल्या आणि आता वीर्याची तपासणी लिहून दिली, की बोलका गडी मुका होतो. चिठ्ठी काउंटरवर उलटी ठेवतो. ‘ते सॅम्पल’ म्हणतो. कधी कधी त्याची आईच सोबत येऊन सांगते, ‘आमच्या पोरात काई दोष न्हाई, डॉक्टरनं उगं लिव्हलंय.’ त्याच बाईने सुनेच्या सोनोग्राफीला तीन जिल्हे पालथे घातलेले असतात. गड्याला सगळे शब्द मिळतात, त्याच्या मर्दानगीवर शंका घेणारा एवढा एक सोडून.

तर तुमच्या लेकीचं. शब्द कोणता शिकवायचा यावर फार डोकं शिणवू नका, ‘लघवी’ सगळीकडे चालतो. ‘मुतायला’ म्हणाली तरी आभाळ कोसळत नाही, माझी आई अजून तेच म्हणते. त्यापेक्षा शूची जागा आणि शीची जागा यांना वेगवेगळी नावं शिकवा, म्हणजे उद्या आग झाली, खाज आली किंवा कुणी हात लावला तर तिला कुठे ते सांगता येईल. ‘खाली’ या एका शब्दात तिला अडकवू नका. धुताना पुढून मागे धुवायचं हेही आत्ताच. शाळेत दुपारपर्यंत जात नसेल तर बाटलीतलं पाणी तसंच परत येतंय का ते बघा आणि शाळेतल्या मुलींच्या संडासाला कडी आहे का, ते स्वतः जाऊन तपासा. पुष्कळ ठिकाणी नसते.

सासूबाईंशी पाहुण्यांसमोर वाद घालू नका, त्याने लेकीला आणखी लाज वाटेल. एकट्या असताना विचारा की त्यांच्या लहानपणी त्या काय म्हणायच्या. बहुतेक हसतील. आणि पुढच्या वेळी चुलतभाऊ अंगणाकडे पळाला की त्यालाही संडास दाखवा.